रुखमाबाईचा समुद्र

रुखमाबाई गेली ती माघातल्या एका सोमवारी, आणि साऱ्या गावाला कळून झाल्यावर सर्वांत शेवटी ते तिच्या नवऱ्याला, डोमाला कळलं. यात तशी कोणाची चूक नव्हती. आपल्याकडं मरणाचा निरोप तोंडावर देत नाहीत.

त्या दिवशी मच्छीमार संस्थेच्या तलावात मोठं जाळं पडलं होतं आणि डोमा छातीभर पाण्यात दोर धरून उभा होता. शेजारचा मुखरू तलावाच्या बांधावर, पाळीवर येऊन म्हणाला, "डोमाभाऊ, घरी चाल. वहिनीची तब्येत जराशी नरम हाये."

"एवढं जाळं काठाले लावतो अन् येतो," डोमा म्हणाला.

यावर मुखरूनं त्याला हाताला धरून ओढून न्यायला हवं होतं. पण मुखरू पाळीवर बसला आणि त्यानं विडी पेटवली. विडी पेटवणाऱ्या माणसाचा निरोप घाईचा नसतो, असं डोमानं धरलं. अर्ध्या तासानं दुसरा शेजारी वारलू आला आणि म्हणाला, "वहिनी तुमची आठवण काढून राह्यल्या." हे सरळ खोटं होतं, कारण रुखमाबाई तेव्हा काहीच काढत नव्हती. डोमा म्हणाला, "सांग तिले, आलोच." मग त्याचा मुलगा केवळराम आला. अंगातला सदरा न काढता तो पाण्यात उतरला आणि त्यानं बापाच्या हातातला दोर घेतला. केवळराम चौथी पास, संस्थेचा सेक्रेटरी. त्या सदऱ्याला तो घामसुद्धा लागू देत नसे. तो सदऱ्यासकट पाण्यात उतरला तेव्हा डोमाला कळलं.

सकाळी रुखमाबाई म्हणाली होती, "आज नोका जाऊ. मले काई बरं वाटून नाई राह्यलं." तो म्हणाला होता, "दुपारी येतो." पोचला तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती.

चाळीस वर्षांच्या संसारात डोमानं बायकोला बरंच काही 'करतो' म्हणून सांगून ठेवलं होतं. मार्कंड्याची जत्रा दाखवतो, घरावर कौलं घालतो, दारू सोडतो. यांतलं कौलांचं अर्ध्या घरापुरतं झालं होतं. आता तिची एकच गोष्ट हातात राहिली होती.

रुखमाबाई मूल गावच्या बाजारात मासे विकायला बसत असे. धानाच्या गिरणीवर लांबलांबचे व्यापारी येत. गिऱ्हाईक लांबचं दिसलं की ती विचारायची, "आमच्या वैनगंगेचं पाणी शेवटी जाते कुठी?" सगळे म्हणत, समुद्रात. समुद्र कुठं, हे ते सांगत नसत, कारण त्यांना मासे घेऊन गाडी गाठायची असे. मग तिनं नवऱ्याला सांगून ठेवलं होतं, "मी मेली तर मले इथच्या नदीत नोका टाकू. तिथी तुमी जाळे टाकता. जन्म तर तुमच्या जाळ्यात गेला, मेल्यावर पुन्हा कोण सापडीन? जिथी हे सारं पाणी जाते तिथी टाका. एकदा पाहू द्या, एवढं पाणी मावते तरी कुठी."

डोमा तेव्हा हो म्हणाला होता. तो सगळ्यालाच हो म्हणत असे.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा झाल्या. त्या सोडायला गाव वैनगंगेकाठच्या मार्कंड्याला जायला निघालं. डोमानं गाडग्याचं तोंड फडक्यानं बांधलं आणि ते घरामागच्या चिंचेला टांगलं. अस्थी घरात आणायच्या नसतात आणि एकदा उचलल्या की भुईवर टेकवायच्या नसतात, म्हणून चिंच. लोकांनी समजावलं. मुखरू म्हणाला, "डोमाभाऊ, नदी दोन हाकांवर अन् वहिनी झाडावर. बरं दिसते का?"

"समुद्र कुठी हाये ते पाहतो, मंग नेतो."

चैत्र गेला, पावसाळा आला. डोमानं गाडग्यावर पळसाच्या पानांची टोपी करून घातली आणि दर आठ दिवसांनी ती बदलली. त्याची विधवा बहीण भागीरथा त्याच्याच घरी असे. ती म्हणायची, "लोकं म्हणते, डोमानं जितेपणी बुढीची एवढी निगा नाई केली." हे खरं होतं, म्हणून डोमा पळसाची पानं तोडायला निघून जाई.

कार्तिकात सरकारी कागद आला. चांदा जिल्हा नागपूरच्या राज्यातून निघून मुंबईच्या राज्यात गेल्याला वर्ष झालं होतं. मुंबईच्या राज्याला समुद्र होता. त्यामुळं मच्छीमार म्हटला की तो समुद्रावरचाच, असा तिकडं कोणाचा तरी समज झाला असावा. कागदात लिहिलं होतं की प्रत्येक संस्थेनं एक सभासद रत्नागिरीच्या बाजूला समुद्रकाठी पाठवावा, त्याला पंधरा दिवस इंजिनाच्या होड्या शिकवण्यात येतील. संस्थेच्या तलावात चैत्रात बदकं चालत जातात. पण सेक्रेटरीनं जावं असं पंचांनी ठरवलं.

केवळराम कागद वाचत असताना 'समुद्र' हा शब्द आला आणि डोमा उभा राहिला.

"मी येतो."

"बाबा, हे टरेनिंग हाये."

"तू टरेनिंग कर. मी तुह्या मायले पोचवतो."

सून वच्छला चुलीपासून म्हणाली, "मामाजीले तिथी भाकर कोण टाकून देईन? मी बी येतो."

"अन् मी घरी भिताडं पाहत बसू का?" भागीरथा म्हणाली.

अशा रीतीनं एका माणसाच्या कामाला चार माणसं आणि एक गाडगं तयार झालं.

मूलच्या कचेरीत रामाजीबाबू होते. त्यांनी प्रवासाचा सरकारी पास काढून समोर धरला. "हा एका मानसाचा हाये. केवळराम डोमाजी. तुमचं नाव यात कुठी हाये?"

"ते काय, केवळरामच्या मागं लिवलं हाये," डोमा म्हणाला.

रामाजीबाबूंनी पास पुन्हा पाहिला. नाव खरोखरच होतं. ते चश्मा काढून म्हणाले, "ते बापाचं नाव हाये."

"बाप मीच हावो."

यावर बाबूंनी चहा मागवला. ते वाईट गृहस्थ नव्हते. फक्त कागदात असल्याशिवाय त्यांना काही दिसत नसे. शेवटी त्यांना कागदाच्या पाठीमागं एक ओळ सापडली: शिकणाऱ्यानं आपल्याकडचं जाळं नमुन्यासाठी आणावं, जाळं जड असल्यास सोबत एक मदतनीस चालेल.

"जाळं जड हाये का?"

केवळराम हातातलं फेकजाळं नेणार होता, जे काखेत मावतं. डोमा म्हणाला, "चार मानसाचं हाये." त्यामुळं तलावाचं मोठं जाळं न्यावं लागलं. बायकांची तिकिटं घरच्या धानावर निघाली. गाडग्याचं रामाजीबाबूंना कोणी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सल्ले द्यायला मुखरू आला. मुखरू एकदा नागपूरला जाऊन आला होता, म्हणून बाहेरच्या जगाचं खातं त्याच्याकडं होतं. तो म्हणाला, "समुद्राचं पाणी खारं असते. पाणी घरून न्या. अन् मासोळी बी घरून न्या."

"काऊन? तिथी मासोळी नाई?" वच्छलानं विचारलं.

"खाऱ्या पाण्यात मासोळी जित्ती कशी राहीन? आपण तिले मीठ लावतो ते मेल्यावर."

पिढ्यान् पिढ्या मासे धरणाऱ्या घराला हे पटलं. पटण्यासारखंच होतं. केवळराम म्हणाला, मग सरकार होड्या कशाला शिकवून राह्यलं? मुखरू म्हणाला, "सरकारनं काय, गेल्या साली आमच्या शाळेले घंटा पाठवली. शाळा हाये का?" भागीरथानं सुकटाचं एक पोतं भरलं आणि वच्छलानं पाण्याच्या दोन घागरी.

मूलहून चांद्यापर्यंत लहान गाडी. तिथं काही झालं नाही. फक्त जाळं दारातून आत जाईना म्हणून ते खिडकीतून घातलं आणि त्याबरोबर एका वकिलाची टोपी आत गेली ती चांद्याला जाळं सोडवल्यावर निघाली. खरी गोष्ट वर्ध्यापुढं मोठ्या गाडीत झाली.

डब्यात उभं राहायला जागा नव्हती. डोमा गाडगं छातीशी धरून तीन स्टेशनं उभा राहिला. भुईवर ठेवायचं नाही, बाकावर ठेवलं तर कोणी बसेल. मग त्याला वर एक साखळी दिसली. साखळी चांगली जाड, लोखंडी, आणि तिच्याजवळ कोणी काही टांगलेलं नव्हतं. सरकारनं अशा प्रसंगासाठीच सोय केली असावी असं त्याला वाटलं. त्यानं गाडगं तिथं बांधलं. आता, मासे धरणारा माणूस गाठ मारली की ती ओढून पाहतो. गाठ ओढून न पाहणाऱ्याचं जाळं नदीच्या तळाशी असतं. डोमानं दोन्ही हातांनी, साठ वर्षांच्या सवयीनं, ओढून पाहिलं.

गाडी थांबली.

गार्ड आला, त्याच्यामागं चेकर आला. "साखळी कोणी ओढली?"

"गाठ ओढली," डोमा म्हणाला.

"कारण काय?"

"पक्की हाये का पाहत होतो."

चेकरनं वर पाहिलं. "हे काय लटकवलं आहे?"

"माही बायको."

डब्यात जागा झाली. मघापासून दाटीवाटीनं बसलेली माणसं कुठं गेली कळलं नाही. गाडगं सोडवायला गार्डानं हात वर केला होता, तो त्यानं खाली घेतला आणि मग त्या हाताचं काय करावं हे न सुचून तो अंगापासून लांब धरून ठेवला. भागीरथा म्हणाली, "साहेब, घरच्या घागरीतलं पाणी हाये, हात धुवून घ्या." गार्डानं हात धुतला. दंडाचं पुस्तक त्यानं काढलं होतं ते परत खिशात गेलं. "आजोबा, हे खाली घ्या आणि मांडीवर धरा. आता जागा आहे." पुढं मुंबईपर्यंत चौघंजण पाय पसरून गेले. डोमा मात्र गाडग्याचा सुटा दोर बोटांना गुंडाळत बसला. आयुष्यात त्यानं मारलेली गाठ पहिल्यांदा दुसऱ्याच्या सांगण्यावरून सोडली होती.

मुंबईहून रत्नागिरीला बोट. बोट पाहून डोमाला धीर आला. रेल्वे त्याची नव्हती, पण पाणी त्याचं होतं. इतर लोक पथाऱ्या पसरून आडवे होत होते. एक बाई म्हणाली, "आजोबा, बसून घ्या, बोट लागेल." डोमा हसला. "बाई, मी चालायच्या आधी डोंग्यात उभा राह्यलो." डोंगा म्हणजे एका बुंध्यातून कोरलेली होडी, त्यात उभं राहणं हे तरंगत्या फळीवर उभं राहण्यासारखं असतं. तो गळ्यात गाडगं अडकवून, पाय फाकून, दर्याकडं तोंड करून उभा राहिला. केवळरामनं दोनदा सांगितलं. डोमा म्हणाला, "पाण्यात बसते तो पाहुणा."

तासाभरानं तो वाकला. नंतर तो बराच वेळ सरळ झाला नाही. वैनगंगेचं पाणी माणसाला पुढं नेतं. हे पाणी वर नेत होतं आणि तिथंच सोडून देत होतं. उलट्यांमध्ये श्वास मिळाला तसा तो म्हणाला, "वच्छला, हे धर." वच्छलानं गाडगं घेतलं आणि लेकरासारखं कडेवर धरलं. सासू जिवंत असताना दोघींचं मीठ-मिरचीवरून रोज वाजायचं. आता ती बोटभर फिरली, सासूला घेऊन, आणि सगळ्यांना सांगत राहिली की मामाजीले सकाळच्या चण्यानं बाधलं. तिनं हे सांगितलं हे डोमाच्या पुढं पुष्कळ दिवस लक्षात राहिलं. भागीरथानं मात्र भावाच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, "पाहुणा झाला का रे भाऊ?"

समुद्रकाठच्या त्या गावी ते पोचले तेव्हा किनाऱ्यावर मासळीचे ढीग पडले होते. कोणी मोजत नव्हतं, कोणी कावळे हाकलत नव्हतं. भागीरथा सुकटाचं पोतं डोक्यावर घेऊन मधोमध उभी राहिली. एका कोळणीनं विचारलं, पोत्यात काय आहे? भागीरथानं सांगितलं. कोळीण इतकी हसली की तिला टोपलीवर बसावं लागलं. भागीरथा तोऱ्यात म्हणाली, "हसू नोको. हे गोड्या पाण्याचं हाये. तुमच्या मासोळीले आधीच मीठ लागेल हाये." घरून आणलेलं पोतं तिनं शेवटच्या दिवसापर्यंत कोणाला उघडू दिलं नाही.

लटकवायचा प्रश्न इथंही होताच. गावात नारळाशिवाय झाड दिसेना. लटकवायला फांदीच नसलेलं झाड डोमानं पहिल्यांदा पाहिलं. रात्र त्यानं गाडगं मांडीवर घेऊन काढली. म्हणाला, एका रात्रीचा तर प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून चौघं किनाऱ्यावर गेले. होड्या शिकवणारा म्हातारा तांडेल तिथंच होता. त्यानं गाडगं पाहिलं, पायातल्या वहाणा काढल्या आणि म्हणाला, "जरा थांबा. आता भरती आहे. टाकलंत तर परत पायाशी येईल. ओहोटी लागू द्या."

मग सगळे वाळूत बसले. डोमाला समुद्राचं हे येणं-जाणं आवडलं नव्हतं. गेला तर जावं, आला तर यावं. पण तांडेल भला माणूस होता. वेळ जायचा म्हणून डोमानं विचारलं, "आमची वैनगंगा इथी कोणीकून येऊन मिळते?"

"कोण?"

"वैनगंगा."

"इथं काजळी मिळते. वर शास्त्री, खाली मुचकुंदी. वैनगंगा कोण?"

जिनं डोमाला, त्याच्या बापाला आणि बापाच्या बापाला पोसलं, तिला कोणी 'कोण' म्हणेल हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. तो म्हणाला, "अर्धा कोस पाट हाये नदीचा. येत असन. तुमच्या ध्यानात नसन आलं."

"आजोबा," तांडेल म्हणाला, "अर्धा कोस रुंद नदी माझ्या दारात आली तर माझ्या ध्यानात येईल."

शिकवायच्या झोपडीत भिंतीवर नकाशा होता. केवळरामनं चांदा शोधला, नदी शोधली आणि तिच्यावर बोट ठेवलं. बोट खाली गेलं, वर्धा नदीला मिळालं, प्राणहिता झालं, सिरोंच्याला गोदावरीत शिरलं आणि तेलंगी मुलखातून सरकत सरकत नकाशाच्या दुसऱ्या काठाला पोचलं. रत्नागिरी या काठाला होती. केवळराम बराच वेळ बोट उचलेना.

"बाबा, आपण उलटं आलो."

मुखरूनं सांगितलं नव्हतं, रामाजीबाबूंनी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे कोणी कोणाला विचारलंच नव्हतं. समुद्र दोन असतात हेच त्या गावात कोणाला माहीत नव्हतं.

ते परत किनाऱ्यावर आले तेव्हा ओहोटी लागली होती. पाणी मागं सरत होतं. तांडेल म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका. समुद्र सगळा एकच. तुमच्या बाजूचं पाणी खालून वळसा घालून इकडं येतंच."

"तिनं येणारं पाणी नाई सांगितलं," डोमा म्हणाला. "जाणारं सांगितलं."

भागीरथाचा धीर सुटला. "भाऊ, एवढ्या दूर आलो. टाक अन् मोकळा हो. मेलेल्या मानसाले उगवती काय अन् मावळती काय समजते?"

"तिले जित्तेपणी समजत होतं. मलेच नाई समजलं."

केवळराम हळूच म्हणाला, "बाबा, माय काई म्हणणार नाई."

"ते तर हाये," डोमा म्हणाला. "कधीच म्हणाली नाई. दुपारी येतो म्हटलं, दिवे लागल्यावर गेलो. तेव्हाबी काई म्हणाली नाई. आता तिले दुसऱ्याच्याच नदीच्या तोंडी सोडून देऊ? इथी तिले कोण ओळखते? नदीचं नाव सांगन, तर हे म्हणतीन, कोण?"

तांडेलानं काढलेल्या वहाणा पुन्हा पायात घातल्या. पाणी बरंच लांब गेलं होतं. वच्छला उठली, पदर खोचला आणि तिनं हात पुढं केले. "मामाजी, द्या इकडं. तुमाले परतीच्या बोटीत पुन्हा चणे बाधतीन."

केवळरामचं शिक्षण पंधरा दिवसांचं होतं, त्यामुळं पंधरा दिवस राहावंच लागलं. तांडेलाच्या परसात एक फणस होता. त्याची खालची फांदी त्यानं डोमाला दिली आणि घरच्या माणसांना सांगितलं, त्या बाजूला कोणी कपडे वाळत घालायचे नाहीत. केवळराम इंजिन सुटं करून पुन्हा जोडायला शिकला. त्याला ते फार चांगलं आलं. त्याला तसा कागदही मिळाला. मोठं जाळं तिथं कोणी उलगडूनही पाहिलं नाही.

परत आल्यावर रामाजीबाबूंनी अहवाल मागितला. केवळराम लिहीत असताना डोमानं विचारलं, "बाबूजी, उगवतीच्या समुद्राचं टरेनिंग नाई निघत का?"

"ते आंध्रात हाये. दुसरं राज्य. आपल्याले लागू नाई."

"पण नदी तर जाते."

"नदीले पास लागत नाई," रामाजीबाबू म्हणाले. ते सहज म्हणाले होते. डोमा मात्र घरी येऊन म्हणाला, "मी नदीनंच जातो."

सल्ले सुरू झाले. मुखरू म्हणाला, सिरोंच्याच्या खाली मगरी आहेत. वारलू म्हणाला, त्याच्याही आधी खडक आहेत. भागीरथा म्हणाली, या वयात हा बुढा आंध्रात वाहून गेला तर तिकडच्या लोकांना त्याचं नाव कोण सांगणार. केवळरामनं सरळ हिशेब मांडला की घरचा डोंगा जुना झाला आहे, तळाला दोन ठिकाणी डांबर लावलेलं आहे आणि एवढ्या वाटेला तो पुरणार नाही.

"मंग नवा कोरू," डोमा म्हणाला.

एवढ्या लांब जाणाऱ्या डोंग्याला लागतो तसा बुंधा गावच्या शिवारात नाही. तो जंगलातून आणावा लागतो आणि त्याला परवानगी लागते. अर्ज रामाजीबाबूंनीच लिहून दिला. 'कारण' या रकान्यात त्यांनी मासेमारी असं लिहिलं. डोमानं ते वाचून घेतलं आणि खोडायला लावलं. मग त्यानं सांगितलं तसं बाबूंनी लिहिलं: बायकोला पोचवणे. वर ते म्हणाले, यानं उशीर होईल. डोमा म्हणाला, होऊ द्या.

अर्ज जाऊन चार महिने झाले. परवानगी अजून आलेली नाही. बुंधा तोडायचा आहे, डोंगा कोरायचा आहे. रुखमाबाई अजून चिंचेला आहे.